फलाट, माची, कट्टा, ओटा

नमस्कार श्रोतेहो! परवा दादर स्टेशनला उभा होतो, गाडी लेट, वरून अनाउन्समेंट चाललेली, फलाट क्रमांक अमुकवर येणारी गाडी वगैरे, तर शेजारचा कॉलेजचा पोरगा मित्राला म्हणतो, काय शुद्ध मराठी आहे यार! मला हसूच आलं. अहो फलाट म्हणजे आपल्याच लोकांनी घासूनपुसून मराठी केलेला प्लॅटफॉर्म, आणि तोही इंग्रजांच्या घरचा नाहीच, फ्रेंचांकडून आलेला. मूळ अर्थ नुसता सपाट आकार.

पण खरं सांगू, माझा जीव माचीवर. संस्कृतात मंच म्हणजे खाट किंवा उंच बैठक. तो घरात आला आणि माचा झाला, म्हणजे झोपायची बाज. शेतात पाखरं हाकायला चार खांबांवर उभारलं ते मचाण, पुढाऱ्यांना भाषणाला लागतो तो तर मंचच राहिला (खुर्च्या कमी पडल्या की भांडणं पण तिथेच). आणि गडावर बालेकिल्ल्याच्या खाली डोंगराची सपाटी असते ना, तिला तटबंदी घातली की झाली माची. राजगडाला अशा तीन, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. संजीवनीच्या टोकापर्यंत जाऊन या एकदा, पाय भरून येतात, म्हणजे कुठे ती एका माणसापुरती खाट आणि कुठे हे!

कट्ट्याचे सोयरे कानडीत. तिकडे कट्टू म्हणजे बांधणे आणि कट्टे म्हणजे बांधलेली बैठक, झाडाभोवतीची वगैरे, म्हणजे आपला पारच की. पण आपल्याकडे पार म्हाताऱ्यांचा आणि कट्टा पोरांचा अशी वाटणी कधी झाली कुणास ठाऊक. सिमेंटचा कट्टा म्हणजे पोतं, तो वेगळा, आणि पेपरात पोलिसांना सापडतो तो गावठी कट्टा तर फारच वेगळा, त्यावर बसू नका.

आता ओटा. आधी तो घरापुढे असायचा, येणारा-जाणारा टेकायचा. स्वयंपाक आत जमिनीवर, चुलीपुढे बसून. मग गॅस आला, बायका उभ्या राहून रांधायला लागल्या आणि ओटा थेट किचनमध्ये शिरला, शहरात तर आता तेवढाच उरलाय. गावाहून आत्याचा फोन आला होता, म्हणाली उकडत होतं म्हणून रात्री ओट्यावर झोपले, तर माझी मुलगी घाबरून विचारते, बाबा, गॅसच्या बाजूला?