कुबड लांब म्हणजे 400 नव्हे!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत एअर इंडियाच्या जंबोचा, म्हणजे बोइंग 747चा, एक जुना फोटो जेमतेम तीन सेकंद दाखवला होता. आणि कमेंटमध्ये सुरू! 'दादा, 747-400, काय दिवस होते!' दिवस होते हो, पण विमान 400 नव्हतं. तर आज हे एकदाचं मिटवूच.

सोपं ते पटकन उरकतो. चार इंजिनं, पुढे डोक्यावर कुबड, म्हणजे वरच्या मजल्याचा फुगवटा, आणि खिडक्यांभोवती लाल झरोके, की समजायचं एअर इंडियाचं 747. त्यातलं पहिलं, 'एम्परर अशोक', 1971 साली मुंबईत आलं. ते 747-200; 200, 300, 400 ही याच 747ची मॉडेलं. त्याचं कुबड आखूड, म्हणून तिथे कुणी चुकत नाही.

घोटाळा होतो 300मध्ये. 1988 साली एअर इंडियाने दोन 300 घेतली, 'शिवाजी' आणि 'नरसिंहवर्मन'. दोन्ही कॉम्बी, म्हणजे पुढे प्रवासी, मागे माल, आणि मालासाठी डाव्या बाजूला मागे मोठं दार. यांचं कुबड 200पेक्षा सुमारे सात मीटर लांब. हेच लांब कुबड पुढे 400लाही दिलं. म्हणून लांब कुबड दिसलं की लोक डोळे मिटून 400 लिहितात. अहो, कुबड सोडा, पंखाचं टोक बघा! टोक वर वळलेलं असेल, म्हणजे विंगलेट असेल, तर 400. टोक सपाट असेल तर 300.

एका प्रेक्षकाने विचारलंय, 'जुहूला वाळूत बसून कसं ओळखायचं?' रास्त प्रश्न. लहानपणी आम्ही तिथे भेळ खायला जायचो आणि मी वही घेऊन बसायचो. विमान बरोबर डोक्यावर असताना विंगलेट दिसतच नाही, खालून सगळी टोकं सारखीच. ते समुद्रावर जाऊन जरा वळलं, पंख तिरका झाला, की मग बघायचं. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर वहीत सगळीकडे 400, 400, 400. म्हणजे तुमच्यावर चिडतोय, पण मीही त्यातलाच.

आतून ओळखायचं असेल तर कॉकपिटचा फोटो शोधा. 300मध्ये दोन वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनियरची जागा आणि उजव्या भिंतीभर घड्याळंच घड्याळं. 400मध्ये ती भिंत गेली, तिसरा माणूसही गेला. हां, आता कुणीतरी लिहिणारच, 'जपानच्या देशांतर्गत 400ला विंगलेट नव्हते.' बरोबर आहे. पण ती सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, येत नव्हती, त्यामुळे आपल्यापुरता नियम पक्का.

मध्येच एक. विमानावर नोंदणीची अक्षरं असतात, त्या 'व्हीटी-ईपीडब्ल्यू'मधलं व्हीटी म्हणजे व्हीटी स्टेशन का, असं चार जणांनी विचारलंय. नाही हो! ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्याला 'व्ही'ची मालिका आली होती, त्यातलं व्हीटी भारताला मिळालं. पुढची तीन अक्षरं त्या विमानाची. ईपीडब्ल्यू म्हणजे आपलं 'शिवाजी'. फोटोत शेपटीकडची अक्षरं वाचता आली तर वादच संपला.

आणि गोव्याची मंडळी, तुमचं 'वेल्हा गोवा' मात्र 400च. 'आग्रा'सुद्धा. 22 एप्रिल 2024ला ते मुंबईहून अमेरिकेला कायमचं निघालं, उडताना पंख हलवून गेलं, आठवतंय? तो व्हिडिओ लावा आणि पंख कलतो तिथे थांबवा. टोक वर वळलेलं स्पष्ट दिसेल. मग 'शिवाजी'चा फोटो शेजारी ठेवा.

आता माझं खरं दुखणं दाखवतो. हे मॉडेल. ऑनलाइन मागवलं, दुकानाचं नाव घेत नाही. नाकाजवळ नाव 'शिवाजी', कुबड लांब, सगळं छान. आणि पंखाला? विंगलेट! दुकानदाराला लिहिलं, तर उत्तर आलं, 'सर, 747 ऐसा ही आता है।' शेवटी रात्री अकरा वाजता नेलकटर घेऊन बसलो. उजवा स्वच्छ निघाला. डाव्याबरोबर टोकाचा लाल रंगही सोलला गेला. हे बघा, इथे, हा पांढरा टवका. बायकोने नेलपॉलिश दिलंय, पण छटा जरा गुलाबी आहे. लावू का?