कर्ज फिटणारच नसेल तेव्हा

माझ्याकडे कर्जाचे कागद घेऊन जी माणसं येतात ना, त्यातली बरीचशी दोन-तीन वर्षं उशिरा येतात. आणि त्या दोन-तीन वर्षांत काय झालेलं असतं, तर क्रेडिट कार्डाचा, पर्सनल लोनचा हप्ता चुकू नये म्हणून पीएफ काढलेला असतो, बहिणीकडून उसने घेतलेले असतात, एका ॲपचं फेडायला दुसऱ्या ॲपवरून उचललेलं असतं, आणि एवढं करून मुद्दल जागच्या जागी. म्हणजे पीएफसारख्या ज्या पैशाला बऱ्याच देशांत सावकार सहसा हात लावू शकत नाही तो पैसा आधी संपला, आणि ज्या कर्जातून कदाचित सुटता आलं असतं ते तसंच डोक्यावर. मला ह्याचं फार वाईट वाटतं, म्हणून आज हाच विषय घेतला, दिवाळखोरीचा, म्हणजे कर्ज फिटतच नाही तेव्हा कोर्टामार्फत त्यातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग.

उशीर का होतो, तर शब्दामुळे. दिवाळखोर ही आपल्याकडे शिवीच आहे. पण जुन्या कागदपत्रांत ह्याच गोष्टीला नादारी म्हटलंय. नादार म्हणजे ज्याच्याकडे नाही तो, बस, एवढाच अर्थ. शाळेत फी माफ व्हायची त्यालाही नादारीच म्हणायचे. चोर नाही, लबाड नाही, नाहीये त्याच्याकडे.

ह्याच्यामागे एक जुना सौदा आहे. इंग्लंडमध्ये आधी देणेकरी म्हणजे गुन्हेगारच समजायचे, मग १७०५ साली एक कायदा आला, त्यात पहिल्यांदा असं ठरलं की जो व्यापारी आपलं सगळं खरं खरं मांडेल आणि असेल ते हवाली करेल त्याचं उरलेलं कर्ज माफ, आणि त्याच कायद्यात मालमत्ता लपवणाऱ्याला थेट फाशी होती! फाशी गेली, पण सौदा आजही तोच आहे. सगळं उघड करा, मग सुटका.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. कोर्टात अर्ज गेला की वसुली थांबू शकते. अमेरिकेत तर अर्ज दाखल झाल्या क्षणापासून फोन, नोटिसा, पगारावरची जप्ती बहुतेक सगळं थांबतं, तसा हुकूम वेगळा मागावा लागत नाही. मग कोर्टाचा माणूस तुमच्या मालमत्तेची यादी बघतो, कायद्याने राखून ठेवलेलं सोडून बाकीचं विकतो आणि येणेकऱ्यांत, म्हणजे ज्यांचे पैसे तुमच्याकडून यायचेत त्यांच्यात, वाटतो, आणि जे उरतं ते देणं रद्द होतं. त्यांच्याकडे ह्याला चॅप्टर ७ म्हणतात, साधारण चारेक महिन्यांत निकाल लागतो. पगार नियमित आहे आणि घर वाचवायचंय, तर चॅप्टर १३, त्यात ३ ते ५ वर्षं झेपेल तेवढा हप्ता भरायचा आणि मग बाकीचं बरंचसं सुटतं. इंग्लंडमध्ये साधारण एका वर्षात माणूस मोकळा होतो.

पण सगळंच सुटत नाही हं, इथे फार लोक फसतात. पोटगी, मुलांचा खर्च, फसवणूक करून घेतलेले पैसे, कोर्टाचा दंड, बरेचसे टॅक्स, हे साधारणपणे राहतंच. अमेरिकेत शिक्षणाचं कर्जही सहसा राहतं. आणि तारण दिलेलं असेल तर तारण तारणच असतं, गाडीचे हप्ते थांबले तर गाडी जाते, दिवाळखोरी झाली म्हणून बँकेचा गाडीवरचा हक्क जात नाही.

आपल्याकडचं विचारणार ना तुम्ही, सांगते. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला पण त्यातला व्यक्तींचा भाग अजून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झालाय, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. बाकी आपल्यासारख्यांना जुनेच कायदे, मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी १९०९ चा आणि बाकी ठिकाणी १९२० चा. जुने आहेत, हळू चालतात, वकीलही पटकन हो म्हणत नाहीत, पण मेलेले नाहीत. आणि दिवाणी कायद्यानेच काही गोष्टी जप्तीच्या बाहेर ठेवल्यात, अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, पीएफ, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाई जे दागिने अंगावरून उतरवू शकत नाही तेसुद्धा. जेलची भीती घालतात वसुलीवाले, तर सुप्रीम कोर्टाने १९८० साली स्पष्ट सांगितलंय की नुसतं द्यायला नाहीत म्हणून माणसाला आत टाकता येत नाही, ऐपत असून मुद्दाम न देणं वेगळं. चेक बाऊन्सचं प्रकरण मात्र ह्यात धरू नका, ते फौजदारी आहे.

मग हा मार्ग कुणी घ्यायचा? मी एक हिशोब करायला लावते. घरभाडं, किराणा, औषधं, शाळा हे बाजूला काढा, उरलेल्या पैशात ५ वर्षांत मुद्दलासकट फिटतंय का ते बघा. १०० रुपये बाकी, महिना ३ टक्के व्याज, आणि तुम्ही महिन्याला ३ च रुपये भरताय, तर जन्मभर भरा, १०० चे १०० राहणार. फिटत असेल तर बँकेशी बोला, हप्ता कमी करून मुदत वाढवून घ्या, सेटलमेंट करा, दिवाळखोरीत जाऊच नका, कारण तिची किंमत आहेच. अमेरिकेत ती नोंद क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षांपर्यंत राहते, आणि नवीन कर्ज, भाड्याचं घर, काही नोकऱ्या, सगळीकडे ती आडवी येऊ शकते. पण ५ वर्षांतही फिटत नसेल तर मग हप्ता भरत राहण्याला प्रामाणिकपणा म्हणायचं का? मला नाही वाटत. ते नुसतं घर रिकामं करणं आहे.

आणि ठरवलं असेल तर दोन गोष्टी करू नका. घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करू नका, कोर्ट मागची वर्षं उकरून काढतं आणि तो व्यवहार रद्द करू शकतं, आणि तुमची सुटकाच धोक्यात येते. दुसरं, अर्जाच्या तोंडावर मामाचे उसने आधी फेडून टाकू नका. मनाला बरं वाटतं, कळतं मला, पण एकालाच दिलं म्हणून ते पैसे मामाकडून परत मागवले जाऊ शकतात, म्हणजे मामाही अडचणीत.

जामीनदाराचं शेवटी बोलते कारण ह्यावर घरं मोडलेली मी पाहिलीत. तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही. बँक दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊ शकते. एकाने मित्राला काहीच सांगितलं नव्हतं, मित्राला नोटीस आली तेव्हाच कळलं, वीस वर्षांची मैत्री तिथेच संपली. तर अर्जावर सही करायच्या आधी त्या माणसाच्या घरी जा, फोनवर नको, समोर बसा, आणि किती रक्कम त्याच्यावर येणार आहे ते आकड्यात सांगा. वकिलाच्या दुसऱ्या भेटीला जमलं तर त्यालाही सोबत न्या, त्याचेही प्रश्न असतात.