इम्प्लांटच्या आधी हाडाचं विचारा
(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. दाताच्या इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या कृत्रिम दाताची, चौकशी करणारा माणूस आधी दोनच गोष्टी विचारतो: खर्च किती येईल आणि दात किती दिवसांत बसेल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्हींचं उत्तर तुमच्या जबड्याच्या हाडात आहे. म्हणून आज मी जास्त वेळ हाडावरच बोलणार आहे.

दात काढला की त्या जागचं हाड झिजायला लागतं. गालाकडची हाडाची भिंत मुळातच पातळ असते आणि तिला बराचसा रक्तपुरवठा दाताभोवतीच्या तंतूंतून मिळतो. दात गेला की हा रक्तपुरवठा तुटतो. दाढेच्या जागी हाडाची रुंदी वर्षभरात निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. "सध्या अडत नाही, पुढे बघू" म्हणत सात-आठ वर्षं गेली, की शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरची दाढ खाली उतरते, आणि मग हाड भरण्याचा वेगळा खर्च पडतो. तेव्हा दात काढायच्या दिवशीच पुढचं ठरवून घ्या.

इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर बसणारा जोडभाग म्हणजे अबटमेंट, आणि वर दिसणारी कॅप. टायटॅनियमला हाड थेट चिकटतं हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशांच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. आजही सगळा उपचार त्या एका गुणावर उभा आहे.

आता मापं. नेहमीचा स्क्रू साधारण 4 मिलिमीटर जाड आणि 8 ते 12 मिलिमीटर लांब असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना किमान दीड-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं, म्हणजे सात मिलिमीटर रुंदी लागली. खालच्या जबड्यात ओठ-हनुवटीची संवेदना नेणारी नस हाडाच्या आतून जाते. स्क्रूचं टोक तिच्यापासून 2 मिलिमीटर तरी वर राहिलं पाहिजे. तिला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर होतो आणि काहींचा कायमचाच. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी असेल तर पोकळीचं अस्तर उचलून खाली हाड भरावं लागतं आणि वेळापत्रक काही महिन्यांनी लांबतं. साध्या ओपीजीमध्ये, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेमध्ये, हाडाची रुंदी दिसतच नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करावा लागतो. "मला नस आणि हाडाची रुंदी स्क्रीनवर दाखवा" असं डॉक्टरांना सांगायला अजिबात संकोचू नका.

शस्त्रक्रिया भूल देऊन होते आणि एका स्क्रूला फार वेळ लागत नाही. 2 मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने भोक मोठं करतात, मिनिटाला साधारण 800 ते 1200 फेऱ्या आणि थंड सलाईनची सतत धार. ती धार फार महत्त्वाची आहे. हाडाचं तापमान 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी हाडाच्या पेशी मरू लागतात. बोथट ड्रिल दाबून चालवलं की नेमकं हेच होतं आणि स्क्रू काही आठवड्यांनी हलायला लागतो. स्क्रू पिळून बसवतानाचा जोर साधारण 35 न्यूटन-सेंटीमीटर मिळाला की पकड चांगली. त्याहून बराच कमी मिळाला तर तो हिरडीखाली झाकून ठेवणं शहाणपणाचं.

नंतरच्या एका काळाकडे मला तुमचं खास लक्ष वेधायचं आहे: तिसरा-चौथा आठवडा. सुरुवातीची पकड निव्वळ घट्ट बसल्यामुळे असते. पुढे आजूबाजूचं जुनं हाड विरघळतं आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं. म्हणजे पकड सगळ्यात कमी तेव्हा असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. माणूस त्या बाजूने तर्री-पोह्यातले चणे चावायला लागतो. साधारण 150 मायक्रॉनहून, म्हणजे 0.15 मिलिमीटरहून, जास्त हालचाल होत राहिली की स्क्रूभोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि तो काढावाच लागतो. खालच्या जबड्याला दोन-तीन महिने आणि वरच्याला चार ते सहा महिने द्या. तोवर खिचडी, मऊ भात, भिजवलेली भाकरी, आणि चावणं दुसऱ्या बाजूने.

आता खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. नागपुरात इम्प्लांटवर बोलताना हा विषय टाळता येणार नाही. आत्ता बसल्या जागी आपली तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. जात नसतील तर ड्रिलही मागच्या दाढेपर्यंत पोहोचणार नाही. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यातली सुपारी गालाच्या आतलं अस्तर ताठ करते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. खर्रा सोडला तरी ते सहसा पूर्ववत होत नाही, पण वाढणं थांबू शकतं. या अस्तरात पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून अशा माणसाने इम्प्लांट बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करावी. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ती होते. हे मी कळकळीने सांगतो.

मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, 7 च्या आसपास आणा. 8 च्या वर असेल तर थांबलेलं बरं. हाडं ठिसूळ होतात म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या घेत असाल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

कॅप बसवतानाही दोन गोष्टी बघा. सिमेंटने चिकटवली तर जादा सिमेंट हिरडीखाली राहतं आणि तिथे पू होतो. शक्य तिथे स्क्रूने बसणारी कॅप मागा. आणि चावा तपासताना ती कॅप शेजारच्या दातांपेक्षा किंचित हलकी लागायला हवी. खऱ्या दाताभोवतीचा तंतूंचा थर दाबाखाली थोडा दबतो, इम्प्लांटला तो थर नसतो. त्यामुळे जास्तीचा भार सरळ स्क्रूवर येतो.

हाच थर नसल्यामुळे इम्प्लांट सहसा दुखत नाही आणि आजार उशिरा कळतो. घासताना रक्त आलं की लगेच दाखवा. त्या टप्प्यावर फक्त हिरडी सुजलेली असते आणि ती बरी होते. हाड गेलं की ते परत मिळवणं फार अवघड असतं. ज्यांचे दात पायोरियाने गेलेत त्यांनी दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला यावं. रोज रात्री इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश, दोन्ही बाजूंनी फिरवा.

कॅप हलायला लागली तर बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो. त्या दिवसापासून तिथे चावणं बंद करा. सैल स्क्रूवर चावत राहिलं की तो आत तुटतो आणि काढणं जिकिरीचं होतं. घट्ट करायला त्या कंपनीचीच चावी लागते, म्हणून इम्प्लांटच्या डबीवरचं कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर मागून घ्या आणि औषधांच्या फाईलमध्ये चिकटवून ठेवा.