बीटलचं मागचं सस्पेन्शन बदलताना

जॅकवर चढवलेली ही फोक्सवॅगन बीटल मागनं बघा. दोन्ही चाकं खालनं आत मुडपलीयेत, पण तुटलं-बिटलं काही नाही, स्विंग अ‍ॅक्सल असाच असतो. अ‍ॅक्सल फक्त गिअरबॉक्सपाशी हलतो, चाकाकडं सांधाच नाही, मग चाक खाली गेलं की तिरकं होणारच. साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा फिरवायला काय अडत नाय, पण यवतेश्वरचा घाट उतरताना वळणात एकदम पाय काढला की मागची बाजू उचलते, बाहेरचं चाक आत मुडपतं आणि शेपूट सुटतं, त्यात इंजिन मागंच.

अमेरिकेत जाणाऱ्या बीटलला फोक्सवॅगननं १९६९ च्या मॉडेलपासून आयआरएस, म्हणजे इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन, दिलं. दोन्ही बाजूला चाक धरणारा तिरका आर्म, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकला तरी सारखा फिरणारा सांधा. सातारा एमआयडीसीतल्या या शेडमध्ये तेच बसतंय. लोकांना वाटतं आर्म बदलले की झालं, पण गिअरबॉक्सपण आयआरएसचाच लागतो, आणि तो मिळेपर्यंत जुनं काही खोलूच नये असं माझं मत.

इंजिन चार बोल्टवर असतं, ते खाली घेणं सोपं. खरं काम वेल्डिंगचं. आर्मचं आतलं टोक धरणारा ब्रॅकेट जुन्या चासीला नसतोच, तो टॉर्शन बारच्या (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आडव्या नळीला जोडायचा. इथं जिग (भाग नेमक्या जागी धरणारा साचा) पाहिजे, डोळ्यानं अंदाज नाही, कारण ब्रॅकेट जरा सरकला की चाकाची दिशा गेली. वेल्डर मामांना मी सांगतो, "मामा, आधी नुसता टॅक मारा, माप बघू, मग फुल." मामा एक टाका डावीकडं, एक उजवीकडं असं करतात, सलग ओढलं तर नळी तापून वाकते.

मग उंची. टॉर्शन बारला आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता फिरवला की ९ अंश, बाहेर उलटा एक फिरवला की ८ अंशांहून थोडं जास्त परत, म्हणजे हातात उरतो जेमतेम पाऊण-एक अंश, त्यावर गाडी बारीक वरखाली करता येते (कुणी डोकं लावलं असेल राव!). दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत बार काढा, घाला, परत काढा, यातच दुपार जाते.

शेवटी मागच्या चाकांची ३६ नंबरची मोठी नट, पान्याला पाईप लावून, जवळपास ३०० न्यूटन मीटर. सीव्हीच्या एका जॉइंटला सहा बोल्ट, असे चार जॉइंट. पहिला घाट उतरून आलं की ते चोवीसच्या चोवीस परत आवळायचे, आणि अलाइनमेंट मागच्या चाकांचंसुद्धा करून घ्यायचं.