आधी कान, मग डोळे

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी साडेसातला फोडणीसाठी कढीपत्ता तोडायला मी परसात गेले. आमचं परस ते केवढं! पुण्याच्या उपनगरातल्या रोहाउसमागे उरलेली बारा बाय पंधरा फुटांची जागा. एक शेवगा, एक कढीपत्ता, कपडे वाळत घालायची तार आणि शेजारच्या आवारातून आमच्याकडे झुकलेला जुना उंबर. शेवग्याखाली सातभाई पक्षी नेहमीप्रमाणे पाचोळा उलटापालटा करत होते. कुंपणाच्या भिंतीवर खार होती. आणि एकदम सातभाईंनी असा कल्ला केला, की माझ्या हातातली डहाळी खाली पडली. खार जिथे होती तिथेच चिकटली आणि शेपटी झटकत चिकचिक करायला लागली. शेवग्यावरचे बुलबुल बघता बघता दिसेनासे झाले. मग सगळं चिडीचूप. वाळत घातलेल्या चादरीखालून काहीतरी राखी रंगाचं सर्रकन गेलं आणि उंबरात घुसलं.

मी जागची हलले नाही. दोनेक मिनिटांनी पानांआड तो सापडला. खोडालगतच्या फांदीवर, पाठीचा कणा ताठ ठेवून बसलेला. पोटावर तांबूस आडव्या रेघा, काडीसारखे पिवळे पाय आणि एका पायाखाली सरडा. मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळा लालभडक होता, म्हणजे नर. मादीचा डोळा पिवळसर असतो आणि अंगानंही ती नरापेक्षा मोठी. हा शिक्रा.

आपल्याकडे घार सोडून कुठलाही शिकारी पक्षी दिसला की लोक ‘ससाणा’ म्हणून मोकळे होतात. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत होते. पण वस्तीतल्या झाडांत, कॉलनीच्या बागेत दिसणारा हा छोटा शिकारी बहुतेक वेळा शिक्राच असतो. कबुतरापेक्षा किंचित लहान. त्याचं नाव फारसीतल्या ‘शिकारी’ या शब्दावरून आलं. पूर्वी शिकारीचे शौकीन लोक त्याला हातावर पाळायचे, लावे-तित्तर धरायला. त्याचे पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब आणि पट्ट्यांची. एका फांदीच्या आडून दुसऱ्या फांदीच्या आडोशाला वळत जाणाऱ्याला असलीच अंगकाठी लागते.

आणि म्हणूनच तो आभाळात शोधून सापडत नाही. आभाळात गोल गोल फिरते ती घार. तिच्या शेपटीला खाच असते, ती खालूनही ओळखू येते. शिक्रा मधूनच वर जाऊन घिरट्या घालतो, नाही असं नाही, पण त्याचं खरं काम झाडाच्या पोटात बसून चालतं. तिथे तुमची-माझी नजर पोचत नाही. सातभाईंची पोचते, खारीची पोचते. त्यामुळे माझा रिवाज असा, की आधी कान आणि मग डोळे. दुर्बीण नसली तरी अडत नाही. सातभाई तसे दिवसभर भांडतच असतात, त्यामुळे पहिले काही महिने फसगत होते. पण भांडणाचा आवाज वेगळा आणि शिक्रा आल्याचा वेगळा. कुकरची शिट्टी आणि दाराची बेल यांत आपण गोंधळतो का? तसंच. कावळे एकाच फांदीकडे तोंड करून ओरडत असतील, तर त्या फांदीवर कोण बसलंय ते जरूर पाहावं. कधी घुबड असतं, कधी मांजर, कधी हा.

या सगळ्यात एक लबाडही आहे. कोतवाल. तारेवर बसणारा काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा. साळुंक्या गवतात किडे टिपत असल्या, की हा कधीकधी हुबेहूब शिक्र्याचा आवाज काढतो. साळुंक्या भुर्र उडतात आणि टाकलेला किडा याच्या चोचीत. नावाला कोतवाल आणि धंदा हा!

दुसरा लबाड तर सोंगच शिक्र्याचं घेतो. सध्या मे संपत आलाय, तुमच्याकडेही तो ओरडत असेल. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’, चढत चढत टिपेला जाणारा आवाज. पावशा. तीच राखी पाठ, तसल्याच पोटावरच्या रेघा, तशीच पट्ट्यांची शेपटी. उडतो तोही शिक्र्यासारखा, जमिनीलगत येऊन एकदम फांदीवर चढतो आणि बसल्यावर शेपटी डावी-उजवी हलवतो. मी त्याला दोन पावसाळे शिक्रा म्हणून वहीत मांडलं होतं. चोच बघा म्हणजे झालं. शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी बाकदार, पावशाची बऱ्यापैकी सरळ.

तसे परसात येणारे इतरही खूप. उन्हाळाभर टुक टुक करणारा तांबट, पानं शिवून खोपा करणारा शिंपी, पहाटे गाणारा दयाळ, कुंपणातून चोरासारखा चालत जाणारा भारद्वाज. उंबर पिकला की राखी धनेशाची जोडी येते, त्या दिवशी आमच्या स्वयंपाकाला हमखास उशीर होतो. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. भारतातले लोक 2013 पासून तीत आहेत. निदान 15 मिनिटं एका जागी बसून दिसेल ते मोजायचं, एवढंच. आपल्याकडे महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. अरण्यावर लिहिणारे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत.

परवा शेजारच्या वहिनी तक्रार घेऊन आल्या. त्यांच्या पाण्याच्या मातीच्या थाळीवरून शिक्र्याने चिमणी उचलली. “अहो, आपणच तिला बोलावून मारल्यासारखं झालं. थाळी काढूनच टाकते.” मी म्हटलं, काढू नका. हवं तर बोगनवेलीच्या जवळ सरकवा, म्हणजे चिमण्यांना काट्यांत शिरता येईल. फक्त पालापाचोळ्यात मांजर दबा धरून बसणार नाही, एवढं बघा. शिक्र्यालाही घरट्यात तीन-चार पिल्लं असतात, आणि त्याच्या जेवणात चिमण्यांबरोबर सरडे, पाली, उंदीर, टोळही येतात. मला राग येतो तो मोठमोठ्या काचांचा. त्यांच्यात झाड दिसतं आणि बुलबुल सरळ जाऊन आदळतो. आणि संक्रांतीनंतर महिनोन्‌महिने फांद्यांत लटकत राहणाऱ्या नायलॉनच्या मांजाचा.

जाता जाता एक सांगते. गेल्या श्रावणात असंच एकदा शेवग्यावरून सातभाईंचा आवाज आला, म्हणून मी हातातलं काम टाकून धावले. फांदीवर शिक्र्याचं पिल्लू वाटावं असं कुणीतरी बसलेलं. छातीवर तपकिरी ठिपके, पट्ट्यांची शेपटी. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन सातभाई. म्हटलं, आता याला पिटाळून लावणार. एक सातभाई पुढे झाला, चोचीतली हिरवी अळी त्याने त्या पिल्लाच्या उघड्या घशात कोंबली आणि दुसरी आणायला खाली उतरला. पावशाचं होतं ते. पावशा मादी अंडं घालते सातभाईंच्या घरट्यात, आणि वाढवतात हे. पिल्लू त्यांच्यापेक्षा मोठं दिसत होतं आणि तोंड काही मिटत नव्हतं. पाऊस पडत होता, सातभाई ओले झाले होते, आणि तासाभरात त्यांनी किती खेपा केल्या ते मोजायचं मी अकराव्या खेपेनंतर सोडून दिलं.