पोरांच्या चालीनं चीडवनातून

नमस्कार मंडळी. इतक्या संख्येनं आई-बाबा आलेत, आणि मागच्या रांगेत आजी-आजोबाही दिसताहेत, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या सोलापुरात लांबच्या सहलीचा विषय निघतो तो उन्हाळ्यात. पारा चाळिशी ओलांडतो, शाळा बंद असतात आणि घरात कुणीतरी म्हणतं, चला हिमालयात. मीही तुम्हाला हिमालयातच चला म्हणणार आहे. फक्त मे महिन्यात जाऊ नका, दिवाळीच्या सुट्टीत जा; आणि तिथं पोचल्यावर गाडीतून उतरून पोरांच्या चालीनं चाला. आज मला तुम्हाला पटवून द्यायचं आहे ते एवढंच.

मी बोलतोय ते कुमाऊंबद्दल. उत्तराखंडाचा हा पूर्वेकडचा भाग. अल्मोडा, राणीखेत, कौसानी, बागेश्वर ही नावं तुम्ही ऐकली असतील. इथले डोंगरच्या डोंगर चीड या झाडानं व्यापलेत. चीड म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पाईन म्हणतात, त्यातलाच एक. पायथ्याच्या टेकड्यांपासून ते साधारण दोन हजार मीटर उंचीपर्यंत याचं राज्य. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपण चांगलंच वर चढतो, पण विरळ हवेनं डोकं धरावं इतकं वर जात नाही. लहान मुलं आणि धडधाकट आजी-आजोबा इथं सुखानं चालतात. रक्तदाबाची, हृदयाची गोळी चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवून या, हे सांगायला नकोच.

आता मुलांसाठी हेच जंगल का? सह्याद्रीत पावसाळ्यानंतर कारवी माजलेली असते. पोरगं दहा पावलं पुढं गेलं की दिसेनासं होतं. चीडवनात खाली झुडूप फार कमी. खोड सरळ, उंच, एकमेकांपासून अंतर राखून. नजर लांबपर्यंत जाते, त्यामुळे पोरं चार पावलं इकडंतिकडं झाली तरी आईचा जीव टांगणीला लागत नाही. शिवाय वाटा गावकऱ्यांच्या. शाळेत जाणारी मुलं, गवताचे भारे आणणाऱ्या बाया, खेचरं यांच्या पायांनी पडलेल्या. त्या डोंगराच्या कडेकडेनं बेताच्या चढानं जातात, अंगावर येत नाहीत.

आणि बघायला काय आहे? मुलाला खाली पडलेल्या सुया उचलायला सांगा. चिडाची पानं म्हणजे या सुया, वीतभर लांब. नीट पाहिलं तर तीन-तीन सुया बुडाशी एका पातळ तपकिरी टोपणात धरलेल्या असतात. तीन असतील तर चीड. वर थंडीत कैल नावाचा दुसरा पाईन लागतो, त्याच्या जुडीत पाच सुया. देवदार ओळखायचा असेल तर त्याची पानं आखूड, झुबक्यानं फुटलेली. सात वर्षांच्या पोराला हे एकदा दाखवलं की तो दिवसभर प्रत्येक झाडाखाली वाकून मोजतो आणि तुम्हालाच तपासायला लावतो. शाळेच्या पुस्तकातलं वर्गीकरण असंच हातात आलं पाहिजे.

दुसरी वस्तू शंकू. उन्हात वाळलेला शंकू उमललेला असतो, खवले मागे वळलेले. तो मुक्कामी आणा आणि पाण्याच्या भांड्यात टाका. काही तासांत खवले मिटतात, शंकू घट्ट बंद होतो. वाळवला की परत उघडतो. शंकू कधीच जगायचा थांबलेला असतो, तरीही हे घडतं, कारण खवल्याचा एक थर पाणी पिऊन जास्त फुगतो आणि दुसरा कमी. बी वाऱ्यावर जाणारं आहे, त्याला पंख असतो; हवा कोरडी असताना बाहेर पडलं तरच ते लांब उडेल. ही सगळी व्यवस्था त्यासाठी. मुलं विचारतात, चिलगोजे यातलेच का? नाही. चिलगोजा वेगळ्या पाईनचा, तो पश्चिम हिमालयाच्या कोरड्या भागात होतो.

काही झाडांच्या खोडावर साल खरवडून खाचा पाडलेल्या आणि खाली पन्हळ-वाटी बसवलेली दिसेल. तो लिसा, म्हणजे चिडाचा चीक. त्यापासून टर्पेंटाइन आणि राळ निघते. त्याला हात लावू द्यायचा नाही, ते कुणाच्या तरी रोजीरोटीचं काम आहे. कपड्याला चीक लागलाच तर साबणानं घासत बसू नका. खोबरेल तेल चोळा, सुटतो.

आता मे महिना नको असं मी का म्हणतो ते सांगतो, आणि याला जरा वेळ देणार आहे.

वाळलेल्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. उन्हाळा लागला की पिरूल ढिगानं गळतो. लवकर कुजत नाही, वर राळेचा अंश. जंगलाच्या तळाशी त्याचा थर साचतो आणि पहाडात आगीचा मोसम सुरू होतो. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ आगीचा धरतो. आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. कुठं विडीचं थोटुक, कुठं शेताच्या बांधावरचा जाळलेला पालापाचोळा, कुठं नवं गवत यावं म्हणून मुद्दाम लावलेली काडी. त्या महिन्यांत पाऊस झाला नाही तर दऱ्या धुरानं भरून जातात. ज्या नंदादेवी शिखरासाठी तुम्ही गाडीत एवढे तास काढलेत ती दिसतच नाही. आणि धूर ही त्यातली लहान गोष्ट. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनकर्मचारी त्या आगीत सापडले आणि मृत्युमुखी पडले. जंगल राखणारी, पोटासाठी राबणारी ती माणसं. त्यांची आठवण ठेवून त्या जंगलात पाऊल टाकायचं, असं मी माझ्या बरोबरच्या मुलांना सांगतो. चूल पेटवायची नाही, काडी पेटवायची नाही, मोठ्यांनी सिगारेट खिशातच ठेवायची. मग महिना कुठलाही असो.

या आगीचा परिणाम दूरवर जातो. मोठ्या चिडाची साल जाड असते, तो साधारण आगीत तगतो. बांज, म्हणजे हिमालयातला ओक, त्याची कोवळी रोपं मात्र जळून जातात. वर्षानुवर्षं असं झालं की बांज मागे हटतो आणि चीड पुढे सरकतो. गावकऱ्यांचं प्रेम बांजावर. त्याचा पाला जनावरांना चालतो, खाली पाचोळा कुजून माती होते, ओल धरली जाते. बांजाच्या बनाखाली झरे टिकतात, हा तिथल्या बायकांचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव. त्या झऱ्यांवर दगडी बांधकामाची छोटी घरं असतात, त्यांना नौला म्हणतात. वाटेत लागला तर चपला बाहेर काढून आत डोकवा. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना तो नौला दाखवलाच पाहिजे. अल्मोड्याजवळ शीतलाखेत नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी शेताच्या बांधावरचा पालापाचोळा जाळायचं काम मार्चअखेर आटपायचं ठरवलं, म्हणजे पुढच्या कडक उन्हाळ्यात ठिणगी जंगलात जायला नको. साधी गोष्ट, पण अख्ख्या गावानं एकमतानं करायची, म्हणून अवघड.

इतिहासही याच झाडांशी जोडलेला आहे. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, लोकांचे गवता-लाकडाचे हक्क आवळले, वर साहेबांचं सामान फुकट वाहायची सक्ती. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी कुमाऊंचे नेते बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकारानं त्या बेगारीच्या वह्या शरयू नदीत बुडवल्या. दिवस मकरसंक्रांतीचा, म्हणजे इथं आपल्या सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात तोच सण. त्याच वर्षी उन्हाळ्यात संतापलेल्या लोकांनी राखीव चीडवनांना आगी लावल्या. इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, सोसलेल्या सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

चालायचं कुठं? सुरुवात बिनसरपासून करा. अल्मोड्यापासून साधारण ३० किलोमीटर, १९८८ पासूनचं अभयारण्य. वर चढताना आधी चीड, मग हळूहळू बांज आणि बुरांस (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन), ही अदलाबदल डोळ्यांसमोर होते. वरच्या विश्रामगृहापासून झीरो पॉइंटपर्यंतची वाट दोनेक किलोमीटरची, सावलीची, फारसा चढ नसलेली. टोकाला मनोरा आहे. आकाश स्वच्छ असेल तर ७८१६ मीटरची नंदादेवी आणि ७१२० मीटरचा त्रिशूळ तिथून दिसतात. कौसानीत त्रिशूळ पहाटे बघा; गांधीजी १९२९ मध्ये राहिले तो अनासक्ती आश्रम तिथंच आहे, आणि आश्रमाच्या आसपासच्या चीडवनात तासभर हिंडता येतं. राणीखेत थकलेल्या दिवसासाठी. जागेश्वरला देवदार आहे, तिथली मंदिरं शंभराच्या वर. तिथले लोक ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातलं ‘नागेशं दारुकावने’ आपल्याच गावाबद्दल आहे असं सांगतात. आपण औंढा नागनाथाला मानणारे, पण तिथं वाद घालू नका, ऐकून घ्या.

चालण्याबद्दल दोन-तीन गोष्टी मात्र मनावर घ्या. पिरूल पसरलेला उतार म्हणजे साबण सांडलेली शहाबादी फरशी. नक्षी झिजलेले बूट चालणार नाहीत, सँडल तर नाहीच. उतरताना अंग उताराला आडवं ठेवायचं, पावलं आखूड टाकायची. मुलांना त्यावरून घसरगुंडी करायचा मोह होतोच. खाली सपाटी आणि मोकळी जागा असेल तिथं मनसोक्त करू द्या, दरीच्या बाजूला अजिबात नाही. या जंगलात बिबट्या आहे. म्हणून रांगेत सगळ्यांत पुढं मोठं माणूस, सगळ्यांत मागं मोठं माणूस, मुलं मधे. गावातला वाटाड्या घ्या, त्याला दोन पैसे मिळतात आणि तुम्हाला वाट. नोव्हेंबरात तिथं सूर्य आपल्यापेक्षा लवकर मावळतो, साडेपाचच्या आत. चारपर्यंत मुक्कामावर यायचंच. ऊन गेलं की थंडी एकदम अंगावर येते आणि आपल्या पोरांना तशी थंडी माहीत नसते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला.

आणि घाई करू नका. दोन किलोमीटरला दोन तास लागले तर लागू देत. पाच वर्षांचं पोर शंकू गोळा करायला थांबलं की बाबा घड्याळ बघतात, हे मी फार वेळा पाहिलंय. टोकाला पोचणं ही मोठ्यांची गरज आहे. मूल जिथं बसलं तिथं तुम्हीही बसा. वारा सुटला की सगळं बन एका सुरात घुमायला लागतं, ते ऐकायला मुलं आपणहून गप्प होतात.

सराव इथं करा. हैदराबाद रस्त्यावरचा नळदुर्ग किल्ला त्यासाठी उत्तम. तटावरून फेरी, उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या, पाणी महाल. अर्धा दिवस पोरं न कुरकुरता चालली तर ती कुमाऊंतही चालतील. नवे बूट तिथंच पायात मुरवा. खाण्याची काळजी आपल्याला नाहीच. कडक भाकरी आणि शेंगा चटणी कित्येक दिवस टिकते, पाणी लागत नाही, कचरा होत नाही. चॉकलेटचे कागद, पाण्याच्या बाटल्या सगळं पिशवीत परत आणायचं.

प्रवासाचं थोडक्यात. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरवरून थेट दिल्लीला जाते. दिल्लीहून रात्रीच्या गाडीनं काठगोदाम, तिथं रेल्वे संपते. पुढं अल्मोड्यापर्यंत तीन-चार तासांचा घाट. गाडी लागणाऱ्या मुलांना खिडकीशी बसवा, आलेपाक जवळ ठेवा आणि पोहोचल्या दिवशी चालणं ठेवू नका. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं आणि दिवाळीची तिकिटं पहिल्या काही मिनिटांत संपतात. तेव्हा आज घरी गेल्यावर कालनिर्णय उघडा, सुट्टीची तारीख बघा, ६० दिवस मागे मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठच्या आधी तयार बसा. आता तुमचे प्रश्न घेतो.