अभ्यासाला बसायचं कुठे?

बसा, बसा सगळे. मागे उभे आहात ते पण पुढे या, या दोन रांगा रिकाम्या आहेत. विषय तुम्ही बोर्डावर वाचलाच आहे, पुणे विद्यापीठाच्या आवारात अभ्यासाला जागा कशी शोधायची. मला अर्धा तास दिलाय आणि माझं म्हणणं तसं एका वाक्याचं आहे: एक जागा धरून बसू नका, तीन जागा ठेवा. का ते सांगते, पण आधी मला ते जागा धरण्याबद्दल बोलायचंय, कारण ते मी तीस वर्षं मनात ठेवलंय.

मी बार्शीहून शिकायला आले तेव्हा आमच्या खोलीत तिघी होतो आणि दिवा एकच, तोही मधोमध. एकीला झोपायचं असलं की बाकी दोघींचा अभ्यास बंद. म्हणून मी कॉलेजच्या रीडिंग हॉलला जायला लागले. कुठलं कॉलेज ते सांगत नाही, कारण ही सवय सगळीकडेच आहे. सात वाजता हॉल उघडायचा आणि सव्वासातला मी पोचायचे तर सगळी टेबलं भरलेली. माणसांनी नाही हं, वस्तूंनी! कुठे रुमाल, कुठे पाण्याची बाटली, कुठे नुसती वही. एका सकाळी मी खरंच मोजलं, खुर्च्या चौऱ्याऐंशी आणि बसलेली माणसं एकतीस. खिडकीजवळच्या खुर्चीसमोर एक कंपास पेटी होती, झाकणावर क्रिकेटपटूचा स्टिकर, एक कोपरा सुटून वर आलेला. वरचा पंखा फिरताना दर फेरीला टक् करायचा आणि तो कोपरा हलायचा. मी भिंतीला टेकून उभी राहून वाचत होते आणि सव्वाअकरापर्यंत त्या पेटीचा मालक आला नाही. चार तास एका कंपास पेटीने अभ्यास केला आणि मी उभी! मी काउंटरवर जाऊन सांगितलं तर उत्तर आलं, "तुमच्या तुमच्यात मिटवा." मला आजही त्याचा राग येतो. गावाहून आलेल्या, ओळख नसलेल्या मुलीने कुणाशी मिटवायचं? ज्याची खोली मोठी, ज्याच्या घरी टेबल आहे तो पेटी ठेवून चहाला जातो आणि ज्याला दुसरी जागाच नाही तो उभा राहतो. तुमच्यापैकी कुणी आज सकाळी कुठे रुमाल टाकून आलं असेल तर हात वर करा. नका करू, पण जाऊन उचला.

तर त्या दिवशी चिडून मी बाहेर पडले आणि डिपार्टमेंटच्या मागच्या बोळात आले. तिथे दगडी कट्टा, सकाळचं ऊन डाव्या हाताने येणारं, म्हणजे लिहिताना आपल्याच हाताची सावली वहीवर पडत नाही. आमचे शिपाई मामा झाडू मारत होते, म्हणाले, "पोरी, बारापर्यंत इथं कोणी येत नाही, नंतर ऊन अंगावर येतं." एवढी नेमकी माहिती मला कुठल्या नोटीस बोर्डवर मिळाली नसती. जागा शोधायची तर आधी मामांना आणि मावशींना विचारा, कुठला वर्ग चारनंतर रिकामा असतो, कुठला पंखा चालतो, कुठल्या प्लगला करंट आहे हे त्यांना पाठ असतं.

आणि तुमचं आवार तर केवढं, चारशे अकरा एकर! आपण बसलोय ते गणेशखिंड, मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरचा बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा समारंभ याच बंगल्यात झाला आणि तिथून परतताना चाफेकरांनी प्लेगचा अधिकारी रँड याला गणेशखिंड रस्त्यावर गाठून गोळी घातली. जिथे आपल्या सामान्य लोकांना सहज आत जाता येत नव्हतं तिथे १९४९ पासून आपली मुलं वडाखाली पुस्तक उघडून बसतात, मला हे दरवेळी आत येताना आठवतं आणि बरं वाटतं. पहिले कुलगुरू जयकर, त्यांच्याच नावाची आपली लायब्ररी. आयुकाचं, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राचं, आवार वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आखलंय, आत आर्यभटाचा पुतळा आहे, परवानगी काढून एकदा बघून या... हो हो, चिठ्ठी मिळाली. दहाच मिनिटं? बरं.

मग पटापट. एकच जागा का नको, ते सांगते. १९७८ साली स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. चाळीस शब्दांची यादी, दोनदा वाचायची. काहींनी दोन्ही वेळा एकाच खोलीत वाचली, काहींनी दोन वेगळ्या खोल्यांत. परीक्षा तिसऱ्याच खोलीत. एका खोलीवाल्यांना सरासरी सोळाच्या आसपास शब्द आठवले, दोन खोल्यांवाल्यांना चोवीसच्या. पुढच्या सगळ्या प्रयोगांत एवढा मोठा फरक दिसला नाही हेही ऐकून ठेवा, पण तुमची परीक्षा तुमच्या लाडक्या टेबलावर होत नसते एवढं तर खरंच आहे ना?

म्हणून तीन जागा. गणितं, सिद्धता, लेखन याला टेबल आणि शांतता, म्हणजे जयकरची लायब्ररी, आणि ती गर्दी व्हायच्या आत. पाठांतर, मोठ्याने म्हणायचं असेल तर झाडाखाली किंवा चालत, लायब्ररीत पुटपुटू नका, शेजारच्याला त्रास होतो. तिसरी जागा एकमेकांना समजावून सांगायची, तिला कँटीन चालतं, पण जेवणाच्या वेळेत चार खुर्च्या अडवू नका. मुलींनो, संध्याकाळची जागा निवडताना आधी दिवा बघा आणि मग हॉस्टेलपर्यंतचा रस्ता बघा, रहदारी किती वाजेपर्यंत असते ते. जागा कितीही शांत असली तरी परतीचा रस्ता अंधारा असेल तर निम्मं लक्ष घड्याळात जातं. आणि दिवा लावून घ्यायला अर्ज करा, पाच जणींच्या सह्या घेऊन, एकटीचा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो.

वेळ संपली. प्रश्न असतील तर मी बाहेर पारावर बसते, पण सहाच्या आत या, नंतर तिथे डास बसू देत नाहीत.